तिसरी पिशवी

"डोळे मीट आणि पोट सैल सोड. मी काही विचारणार नाहीये," पिशवीमावशी म्हणाली आणि रबराची गरम पिशवी तिने आधी स्वतःच्या मनगटाला लावून पाहिली. जरा जास्तच तापली होती. टॉवेलाचा आणखी एक वेढा देऊन तिने ती खाटेवरच्या मुलीच्या पोटावर ठेवली.

मुलगी सहावीतली. तिने डोळे मिटले, पण पापण्या थरथरत राहिल्या. झोपेचं सोंग घेणारी मुलं डोळे घट्ट आवळतात, खरी झोपणारी विसरून जातात. ही दोन्हींच्या मधेच कुठेतरी अडकलेली असायची. म्हणून मावशीने तिचं नाव ठेवलं होतं मिटमिट. गेले पाच आठवडे मिटमिट जवळजवळ रोज दुसऱ्या तासाला पोट धरून येत होती.

आजारखोली चॅपलच्या मागच्या भिंतीला लागून होती. दोन खाटा, एक कपाट, पाणी तापवायची किटली आणि भिंतीत तीन खुंट्या, त्यांवर तीन पिशव्या. खिडकीला शाळेच्या जुन्या नाटकातला हिरवा पडदा होता. कोणे एके काळी तो समुद्र झाला होता. त्यातून आलेलं ऊनही हिरवं होऊन यायचं आणि खाटेवरचं मूल तळ्याच्या तळाशी निजल्यासारखं दिसायचं. भिंतीपलीकडून लहान वर्गांच्या गाण्याचा सराव ऐकू यायचा, तोही पाण्यातून आल्यासारखा, शब्दांच्या कडा झिजलेल्या. इथे घड्याळ होतं, पण ते कुणी पाहत नसे. तासाची घंटा लांब कुठेतरी व्हायची आणि विरून जायची.

या खोलीत पिशवीमावशीची सव्वीस वर्षं गेली. नर्सिंगचा एक वर्षाचा कोर्स करून ती आली, तेव्हा दोन वेण्या घालायची. आता एकच बारीक अंबाडा उरला होता. सगळ्या दुखण्यांवर तिची एकच मात्रा, गरम पिशवी आणि तासभर झोप. खरचटलं, पिशवी. डोकं दुखतंय, पिशवी. एकदा एका मास्तरांनी तिला चिडवलं होतं, "बाई, माझा पगार वाढत नाही, त्यावरही एक पिशवी द्या." ती म्हणाली, "द्यायची ना. पण तासभर गप्प पडावं लागेल, ते तुम्हाला जमायचं नाही." घरी थोरली बहीण होती, कानाने जरा कमी. तिची तक्रार निराळीच, "दिवसभर दुसऱ्यांची पोरं झोपवतेस आणि घरी येऊन भांडी आपटून मला जागं ठेवतेस." कमी ऐकू येणाऱ्या माणसाला भांडी मात्र ऐकू येतात, ते कसं, हे मावशीला कधी उमगलं नाही.

पोटदुखीत तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. तिचं शास्त्र असं की, गणिताची पोटदुखी बेंबीच्या वर असते आणि घरची बेंबीच्या खाली. मूल खोटं बोलतं, पोट बोलत नाही. मिटमिट रोज हात ठेवायची तो बेंबीच्या खाली.

"मावशी," मुलगी डोळे न उघडता म्हणाली, "ती आई बरी झाली का?"

"कोणती गं?"

"प्रार्थनेतली. आजारी आई."

टॉवेलाची घडी घालणारे मावशीचे हात थांबले.

गेले पाच आठवडे रोज सकाळी चॅपलमध्ये फादर म्हणत, "आपल्या शाळेच्या कुटुंबातल्या एका आजारी आईसाठी आपण प्रार्थना करू या. प्रभू, तिला बरं कर." मग सहाशे मुलं एका सुरात म्हणत, "प्रभू, आमची प्रार्थना ऐक." ती आई कुणाची, हे फादरना ठाऊक होतं, मुख्याध्यापिका असलेल्या मोठ्या सिस्टरांना ठाऊक होतं, साऱ्या शिक्षकांना आणि मावशीला ठाऊक होतं. एका मिटमिटलाच काय ते ठाऊक नव्हतं. तिला घरी सांगितलं होतं की, आई हवापालटासाठी मामाकडे गेलीय. तिथे फोन नीट लागत नाही. वार्षिक परीक्षा झाली की तुला घेऊन जाऊ. वडील येऊन मोठ्या सिस्टरांच्या ऑफिसात रडले होते आणि शाळेने त्यांना शब्द दिला होता. शाळा मायेची, त्यामुळे नुसतं गप्प राहणं तिला जमेना. निदान प्रार्थना तरी करू, नाव न घेता. अशी ती मुलगी रोज सहाशे जणांत हात जोडून उभी राहून स्वतःच्याच आईसाठी प्रार्थना करत होती. चांगल्या माणसांची हीच पंचाईत असते. त्यांच्या चुकासुद्धा मायेपोटी होतात, मग बोट कुठे ठेवायचं ते कळत नाही.

"का गं, असं का विचारतेस?"

"आज फादर 'तिला बरं कर' असं म्हणालेच नाहीत. 'प्रभू, तुझ्या इच्छेप्रमाणे होवो' एवढंच म्हणाले. म्हणजे बरी झाली असेल ना ती?" मुलीच्या आवाजात झोप उतरायला लागली होती. "मी शेवटचं वाक्य सगळ्यांपेक्षा मोठ्याने म्हणते. त्या आईला मुलगी असेल ना एखादी."

मावशीने "झोप आता" म्हटलं. सव्वीस वर्षं ती भिंतीआडून या प्रार्थना ऐकत आली होती. 'बरं कर' म्हणजे आशा आहे. 'बळ दे' म्हणजे ऑपरेशन आहे. आणि 'तुझ्या इच्छेप्रमाणे' म्हणजे डॉक्टरांनी हात टेकले. सकाळी ते शब्द तिच्याही कानावर पडले होते, पण तेव्हा ती किटलीत पाणी भरत होती आणि आपण ऐकलंच नाही असं तिने ठरवून टाकलं होतं.

पहिली पिशवी निवली. मावशीने दुसरी भरून मुलीच्या पोटावर ठेवली, दार लोटून घेतलं आणि ती चॅपलमध्ये गेली. गाण्याचा सराव आटपून लहान मुलं गेली होती, फादर पुढच्या बाकावर एकटेच बसले होते. हातात पुस्तक उघडं होतं, पण नजर पानावर नव्हती.

"किती दिवस आहेत, फादर?"

त्यांनी कुणाबद्दल, असं विचारलं नाही. "दिवस कसले, बाई. काल संध्याकाळी डॉक्टर म्हणाले, आज नाहीतर उद्या."

"मग पोरीला?"

"परवा शेवटचा पेपर आहे. वडिलांना शब्द दिलाय आपण."

"कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहतं का? तिने ओळखलंय. नुसतं स्वतःलाच सांगितलं नाहीये अजून."

"मला काय बरं वाटतंय का हे?" फादरनी पुस्तक मिटलं. "पण त्या माउलीनेच सांगितलंय. मी स्वतः ऐकलंय. म्हणाली, माझे केस गेलेले, तोंड सुजलेलं, असं माझ्या लेकीने मला बघायचं नाही."

"केव्हा म्हणाली?"

"महिना झाला असेल."

"महिन्यापूर्वी तिच्याकडे महिना होता, फादर."

फादरनी पुस्तक बाजूला ठेवलं. चॅपलच्या रंगीत काचांतून लाल-निळे तुकडे फरशीवर पडले होते, त्यांतला एक त्यांच्या बुटावर चढला होता. मावशी त्या तुकड्याकडे बघत थोडा वेळ उभी राहिली. आपण यांच्याशी भांडलो असतो तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं. पण हा भला माणूस रात्र-रात्र त्या खाटेशी बसून येत होता. त्याच्याशी काय भांडणार.

परत येताना तिला औषधाच्या दुकानातला तो माणूस आठवला. तो आठवणार हे तिला माहीतच होतं. शाळेचा कापूस, मलमं, पट्ट्या ती दर महिन्याला त्याच्याच दुकानातून आणायची. अठरा वर्षांपूर्वी तो पाचवीत होता आणि एका दुपारी याच खाटेवर पडला होता. त्याचे वडील सकाळीच अपघातात गेले होते. काका दूरगावाहून येईपर्यंत त्याला काही कळू द्यायचं नाही, असं ठरलं होतं आणि ते काम मावशीकडे आलं होतं. शाळा सुटेपर्यंत ती पिशवी देऊन त्याच्या उशाशी बसून राहिली, गोष्टी सांगत राहिली. त्याला हसवलंसुद्धा तिने. पुढे तो मोठा झाला, मिशा आल्या, दुकान झालं. पहिल्यांदा ती काउंटरसमोर उभी राहिली तेव्हा त्याने सामान बांधून दिलं आणि खाली बघत विचारलं, "तेव्हा तुम्हाला माहीत होतं ना?" ती हो म्हणाली. त्याने मान डोलावली. तो कधी वाईट बोलला नाही, सुट्टे पैसेसुद्धा नीट हातात द्यायचा. फक्त साऱ्या गावाची जी पिशवीमावशी, तिला तो मॅडम म्हणायचा.

त्याला हसवलं होतं, याची तिला फार लाज वाटायची. तेवढी गप्प राहिल्याचीही वाटत नसे.

खोलीत आली तेव्हा मिटमिट जागी होती. दुसरी पिशवीही कोमट झाली होती. भिंतीवर, खुंट्यांच्या वर, एक पिवळं पडलेलं कार्ड होतं. पूर्वीच्या मोठ्या सिस्टरांनी स्वतःच्या हाताने लिहिलेलं. त्या आता चॅपलमागच्या दफनभूमीत विसावल्या होत्या, पण त्यांचा नियम मात्र अजून ड्युटीवर होता. पहिली पिशवी, एक तास विश्रांती. दुसरी पिशवी, आणखी एक तास. तिसरी पिशवी भरायची वेळ आली, तर कोणाच्याही परवानगीची वाट न पाहता मुलास शाळेच्या गाडीतून इस्पितळात न्यावे. पूर्वी कधीतरी परवानगी मिळेपर्यंत एका मुलाचं अपेंडिक्स फुटलं होतं, तेव्हापासूनचा हा नियम. मावशीने सव्वीस वर्षांत तिसरी पिशवी चारदा भरली होती. दोन अपेंडिक्स, एक मूतखडा आणि एकाने पेनाचं टोपण गिळलं होतं. चारही वेळा दुखणं खरं होतं. नोंदवहीत तिने आजवर एक अक्षर खोटं लिहिलं नव्हतं, आणि या एका गोष्टीचा तिला, म्हटलं तर, गर्व होता.

गावात मोठं हॉस्पिटल एकच होतं. मिटमिटची आई तिथेच तिसऱ्या मजल्यावर होती.

मावशीने किटली लावली. तिसऱ्या खुंटीवरची पिशवी काढली. ती इतकी कमी वापरलेली की तिचा लाल रंग अजून नवा होता.

"पोट अजून दुखतंय का गं?"

"थोडं."

"थोडं की फार?"

मुलीने भिंतीवरच्या कार्डाकडे पाहिलं. ते कार्ड शाळेतल्या प्रत्येक मुलाला पाठ होतं. मग तिने मावशीच्या हातातल्या पिशवीकडे पाहिलं. भिंतीपलीकडे आता गाणं नव्हतं आणि किटलीतलं पाणी नुकतंच कुजबुजायला लागलं होतं.

"फार," ती म्हणाली.

नोंदवहीत मावशीने लिहिलं, पोटदुखी. उपचार, तिसरी पिशवी. हॉस्पिटलला नेत आहे. मग तिने चप्पल घातली.

गाडीवाल्या काकांनी मुलीचा चेहरा पाहून काही न विचारता गाडी काढली. ऐन दुपार होती. रस्ते रिकामे, दुकानांच्या फळ्या अर्ध्या लावलेल्या, झाडांच्या सावल्या बुंध्यांशी गोळा झालेल्या. मुलगी पिशवी पोटाशी धरून खिडकीबाहेर पाहत होती. गाडी इतकी सावकाश चालली होती की आपण थांबलोय आणि गावच मागे सरकतंय, असं वाटत होतं. मावशीला वाटलं, हे असंच चालू राहावं, हॉस्पिटल येऊच नये. आणि लगेच वाटलं, लवकर यावं.

"मावशी, आई मामाकडे नाहीये ना?"

"नाही, बाळा."

"प्रार्थनेतली आई..."

"हो."

मुलगी रडली नाही. तिने पिशवीचं टोपण उगाच घट्ट केलं. पुष्कळ वेळाने, फाटक दिसायला लागल्यावर, तिने विचारलं, "मी मोठ्याने म्हणायचे ते तिला ऐकू गेलं असेल?"

हो म्हणणं सोपं होतं. मावशी म्हणाली, "तिचं मला सांगता येणार नाही. मला ऐकू यायचं, भिंतीपलीकडून. रोज."

तिसऱ्या मजल्यावर, खोलीबाहेरच्या बाकावर वडील बसले होते. दाढी वाढलेली, शर्टाची बटणं वरखाली लावलेली. मुलीला पाहून ते उठून उभे राहिले आणि दारात आडवे आले.

"कुणी आणलं हिला? आमचं ठरलं होतं." आवाज चढला नाही, चढायला त्यात जीवच नव्हता. "तिनेच नको म्हटलंय, बाई. तिची इच्छा आहे ती."

"आता काय म्हणते?"

"आता काही बोलत नाही ती."

"मग काय करते?"

त्यांनी वळून आत पाहिलं. "दाराकडे बघते," ते म्हणाले. आणि म्हणता म्हणता त्यांचं त्यांनाच कळलं असावं, कारण दाराच्या चौकटीवरचा त्यांचा हात हळूहळू खाली आला.

मावशी आत गेली नाही. ती बाकावर बसली, वडील तिच्या शेजारी बसले. दार अर्धं उघडं होतं, त्यातून पलंगाचं पायथ्याकडचं टोक तेवढं दिसत होतं. मुलगी बराच वेळ उशाकडे होती, दिसत नव्हती. बोलणं ऐकू येत होतं ते एकाच बाजूचं. पेपर कसे गेले, आत्याची पोळी कशी जाड होते, मांजरीने कपाटात पिल्लं घातली. मग ती पायथ्याशी आली. तिने चादर जराशी उचलून आईच्या पावलांना हात लावला.

"आई, किती गार पडलेत गं पाय."

तिने पिशवी आधी स्वतःच्या मनगटाला लावून पाहिली. टॉवेलाचा एक वेढा कमी केला. मग ती आईच्या पावलांखाली सरकवून तिने चादर चहूबाजूंनी नीट खोचली, एकही फट राहू न देता. हे सगळं तिला कुणी शिकवलं नव्हतं. पाच आठवडे ती पापण्यांच्या फटीतून बघत होती.

वडिलांनी तोंडावर रुमाल घेतला. मावशीही रडली. हॉस्पिटलात रडण्याची तिची ही पहिलीच वेळ होती आणि तिला त्याचं काही वाटलं नाही.

आई दुसऱ्या दिवशी पहाटे गेली. मिटमिट तिच्या उशाशी होती. शेवटचा पेपर राहिला.

मोठ्या सिस्टरांनी मावशीला ऑफिसात बोलावलं. समोर नोंदवही उघडी होती. "तुम्ही शाळेचा शब्द मोडलात," त्या म्हणाल्या. "नियम मोडलात."

"नियमानेच गेले, सिस्टर. तिसरी पिशवी होती."

"पोट दुखत होतं का तिचं? खरं सांगा."

मावशीने सांगितलं, "दुखत होतं. बेंबीच्या खाली."

सिस्टरांनी वही मिटली. त्या कठोर नव्हत्या, पण शाळा चालवायची म्हणजे शब्दाला किंमत हवी. आठवड्याभरात ते पिवळं कार्ड उतरलं आणि छापील कागद लागला. यापुढे कुठल्याही मुलाला बाहेर नेण्याआधी मुख्याध्यापिकांची सही. मावशीने कागद स्वतःच्या हाताने चिकटवला, चारही कोपरे अंगठ्याने दाबून. सव्वीस वर्षांत मिळालेला एकच अधिकार गेला होता. तिला वाईट वाटलं, पण तो वापरून गेला होता, न वापरता गंजला नव्हता, असंही तिने स्वतःला सांगून पाहिलं. महिनाअखेर कापूस आणायला गेली तेव्हा दुकानदार म्हणाला, "हॉस्पिटलचं ऐकलं." मग पुडकं बांधत म्हणाला, "चांगलं झालं, मॅडम." अजूनही मॅडमच. पण त्या दिवशी तो काउंटरमागून बाहेर आला आणि पुडकं त्याने पायरीपर्यंत आणून दिलं.

फादरनी एकच केलं. सकाळच्या प्रार्थनेत आता 'एका आजारी आईसाठी' किंवा 'एका दुःखी घरासाठी' असं ते म्हणत नसत. ज्याचं दुःख असेल त्याला आधी विचारून, नाव-वर्गासकट सांगत.

सुट्टीनंतर शाळा उघडली, त्याच्या तिसऱ्या दिवशी दुसऱ्या तासाला दार लोटून मिटमिट आत आली. आता ती सातवीत होती. हातात लाल पिशवी होती, धुऊन, उलटी टांगून वाळवलेली. टॉवेलही इस्त्री केलेला. तिने पिशवी तिसऱ्या खुंटीवर स्वतःच अडकवली.

"मी थोडा वेळ झोपू?"

"पोट दुखतंय?" मावशीने नोंदवही उघडत विचारलं.

"नाही," मुलगी म्हणाली. "पोट नाही दुखत."

ती खाटेवर आडवी झाली, भिंतीकडे तोंड करून. हिरवं ऊन तिच्या खांद्यावर आलं. पलीकडे लहानांचं गाणं सुरू झालं, शब्द न कळणारं. मावशीने तारीख लिहिली, इयत्ता लिहिली. तक्रार या रकान्यापाशी तिचं पेन थोडा वेळ थांबलं, मग तिने लिहिलं, आईची आठवण. उपचाराच्या रकान्यात लिहिलं, एक तास. संध्याकाळी वही मोठ्या सिस्टरांकडे गेली. त्यांनी ते वाचलं, आणि खाली सही करून वही परत पाठवली.

पण त्या सकाळी तो तास एक तासात संपला नव्हता. घंटा झाली, लांबून आली आणि विरून गेली. मावशी मुलीला उठवायला खाटेपाशी गेली आणि वाकून तिने तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. पापण्या हलत नव्हत्या. ती पाय न वाजवता मागे फिरली, पडदा नीट ओढून घेतला आणि स्टुलावर बसून राहिली.